पटकीत गेलेली वहिनी

आई गेली तेव्हा मी लहान होते. मला वाढवलं ते वहिनीने. नेवाशाजवळच्या आमच्या गावात मुली फार शिकत नसत, पण तिने दादाच्या मागे लागून मला नगरच्या कॉलेजात धाडलं. मी जंतुशास्त्र घेतलं, तर शेजारणींना सांगायची, आमच्या वन्सं डोळ्यांना न दिसणारे किडे बघत्यात.

दुष्काळातला उन्हाळा होता. विहिरी आटल्या होत्या. बायका प्रवरेच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरत. मी सुट्टीला घरी होते. एका सकाळी वहिनीला जुलाब सुरू झाले, तांदळाच्या धुवणासारखे पांढरट. पटकी होती, कॉलरा. दादाने लगेच गाडी जुंपली.

वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पाजलेलं पाणी पोटात ठरत नव्हतं. डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली, आवाज बसला.

"वन्सं," ती पुटपुटली, "तुमच्या पुस्तकात औषध असंल की ह्याच्यावर."

"आहे वहिनी. सलाईन लावतील."

दवाखान्यात डॉक्टरांनी खूप धडपड केली, पण सलाईनसाठी शीरच सापडेना. दुपार कलायच्या आत वहिनी गेली.

पुढे मी कॉलेजात शिकवू लागले. पटकीच्या जंतूला दोन पडदे असतात. त्याचं विष म्हणजे एक प्रथिन. त्याचे भाग आतल्या पडद्यातून सुटे येतात, मधल्या जागेत जुळतात आणि बाहेरच्या पडद्यातल्या दारातून अख्खं विष बाहेर पडतं. हे सगळं उलगडायला शास्त्रज्ञांना पुढे कितीतरी वर्षं लागली. ते शिकवताना मी पदराने डोळे टिपायचे. मुलांना वाटे, मॅडमना खडूचा त्रास होतो.

दादाने पुन्हा लग्न केलं नाही. म्हातारपणी एकदा ओट्यावर बसून त्याने विचारलं, त्या किड्यांनी तिची आतडी खाल्ली का? मी म्हटलं, नाही. जंतू आत शिरतच नाही, आतड्याला नुसता चिकटून बसतो आणि विष सोडतो. त्या विषाने अंगातलं पाणी वाहून जातं. तेवढं पाणी भरून निघालं, तर माणूस उठून बसतं.

"म्हंजी आतून ती धडधाकट हुती?"

"हो."

"पाण्यावाचून गेली म्हन की."

दादाने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अंधारून येईपर्यंत तसाच बसून राहिला.