अर्धं राहिलेलं काम

द्रोरा कबुतरांवर जेवढी खेकसायची तेवढी माणसांवर नाही, आणि माणसांवरही काही कमी खेकसत नव्हती. आमच्या किबुत्झवर, म्हणजे इस्रायलातल्या सामायिक शेतवसाहतीवर, सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात. मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. लग्न करून अलिबागेहून आलेली मी, तिला मावशीच म्हणायची. "मी कुणाची मावशी-बिवशी नाही," असं म्हणत ती लाँड्रीत माझ्याशेजारी बसून चादरींच्या घड्या घालायची.

देवाला तिनं तरुणपणीच रामराम ठोकलेला. बाप कडक धार्मिक, त्याच्या घरातून पळून आली. तिच्या शेजारी राहणारा अवशालोमही तसाच पळालेला. दोघांची मैत्री म्हणजे सख्ख्या भावंडांत नसेल अशी. जन्म, लग्न, मरण, सगळ्याचे विधी त्यांनी आमच्यासाठी देवाला वगळून नव्यानं बसवले. शब्द त्याचे, उभं राहून बोलायची ती. देव नाही म्हणून काय माणसानं माणसाला मुकाट पुरून घरी जायचं, असं ती तावातावानं विचारायची.

मयताची रीत त्यांनी अशी घातली होती: प्रार्थना नाही, स्वर्गाच्या थापा नाहीत. माती लोटून झाली की द्रोरा विचारायची, यानं कुठलं काम अर्धं ठेवलं? ज्याला ठाऊक तो सांगायचा. मग कुणीतरी पुढं येऊन म्हणायचं, ते मी घेतलं. कुणीच आलं नाही तर विचारणाऱ्यानं घ्यायचं. एवढंच. पण माझा नवरा गेला तेव्हा त्यानं लावलेली डाळिंबाची कलमं एका शेजाऱ्यानं घेतली, आणि मला जो धीर आला तो दुसऱ्या कशानं आला नसता.

अवशालोमचा एकुलता एक मुलगा यिफ्ताख माशांच्या तळ्यात बुडाला, तेव्हाही हेच झालं. पोराचा कबुतरखाना अर्धा बांधून राहिला होता. सगळे रडत होते, कुणी पुढं येईना. शेवटी द्रोराच म्हणाली, मी घेतला. कबुतरांची तिला शिसारी यायची! तरी तिनं तो बांधला आणि तेव्हापासून रोज पहाटे नाकाला फडकं बांधून विष्ठा खरवडत आली. का, विचारलं तर म्हणायची, अवशालोमला खिडकीतून दिसतं ना, म्हणून.

गेल्या वसंतात अवशालोम गेला. पुरायच्या आधी आम्ही जेवणघरात काळा चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात दारात एक छोटी व्हॅन थांबली. उतरले ते सगळे टोपीवाले म्हातारे, खालच्या गावच्या सिनेगॉगचे, तिथल्या प्रार्थनाघराचे. त्यांचा म्होरक्या मसूद, मोरोक्कोकडचा, फार गोड माणूस. त्यानं सरळ मनानं सांगून टाकलं. अवशालोम दर वर्षी यिफ्ताख गेला त्या दिवशी त्यांच्याकडे यायचा आणि पोरासाठी कद्दीश म्हणायचा. मेलेल्यासाठीची ती प्रार्थना दहा पुरुष असल्याशिवाय होत नाही, आणि हे तर नऊच उरलेत, दहावा तोच असायचा. मी गेल्यावर माझ्यासाठीही म्हणा, असं तो सांगून गेला होता.

द्रोरानं पेला खाली ठेवला. मग ती उठली ती थेट कबुतरखान्याकडे. मी मागोमाग गेले.

"केसानं गळा कापला गं माझा," ती म्हणाली. "आम्ही बसवलेले शब्द त्याच्या पोराला पुरले नाहीत. बरं, नसतील पुरले. मला सांगायचं होतं! मी काय त्याला खाल्लं असतं?"

मी म्हटलं, मावशी, लाजला असेल.

"लाजला? मी इथं घाण उपसत होते आणि हा तिकडं प्रार्थनेत डोलत होता. आणि आता भांडू कुणाशी? माझा बाप मेला तेव्हा माझी आई आभाळाकडे बघून त्याला शिव्या घालायची. मला तेवढीही सोय नाही."

पुरताना ती उभी राहणार की नाही, हाच सगळ्यांना घोर. ते म्हातारे कुंपणाबाहेर थांबले होते, कारण आत यायला तिनं हो म्हटलं नव्हतं. ती आली. माती पडली. अवशालोमबद्दल एक चांगला शब्द तिनं काढला नाही. नुसतं विचारलं, "यानं कुठलं काम अर्धं ठेवलं?"

सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं, तोंडातून काढायचं कुणी? तेवढ्यात कुंपणापलीकडून मसूद चाचरत म्हणाला, "बाई, पोराची कद्दीश."

द्रोरानं आमच्याकडे पाहिलं. आमचे सगळे पुरुष खाली बघायला लागले. रीत तिचीच होती. शेवटी म्हणाली, "आत या आणि याच्यासाठी म्हणा काय म्हणायचं ते. दहावा आमच्यातला एक उभा राहील, त्याला नुसतं उभं राहायला काय धाड भरलीय? आणि पोराचं मी घेतलं."

मसूद गडबडला. बाईमाणूस दहांत धरत नाहीत, हे तिला कसं सांगायचं त्याला कळेना.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "माझा बाप तेच शिकवत आला. मोजू नका मला. दहावा मी इथून धरून आणीन, आणि मी बायकांच्या पडद्यामागं बसेन. आमेन म्हणणार नाही."

यंदा यिफ्ताखच्या दिवशी गेलो आम्ही. दहावा म्हणून ट्रॅक्टरवाल्या योआवला तिनं दमदाटी करून आणलं होतं. कद्दीश सुरू झाली तशी ती पडद्यामागं माझ्याशेजारी हाताची घडी घालून बसली. आमेन म्हणाली नाही. शब्द मात्र सगळे पाठ होते तिला, ओठ हलत होते.

बाहेर पडताना मसूद तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "अवशालोम खूश झाला असेल."

"खूश व्हायला तो आहे कुठं?" द्रोरा म्हणाली. "असता तर त्याला कधीच माफ केलं असतं मी."

मग योआवला लवकर गाडी आणायला सांगून ती पायरीवर बसली. कबुतरांना दाणे घालायचे राहिले होते.