डोरीनची हिवाळ्यातली गोष्ट

अमेरिकेतल्या श्रूजबरीत डॉक्टर प्रताप यांच्या दातांच्या दवाखान्यात डोरीन रिसेप्शनवर बसते. ती माँटानातल्या क्री या मूळनिवासी जमातीतली. संध्याकाळी मात्र ती कलावंत असते. आजीने, म्हणजे तिच्या कोकुमने, शिकवलेल्या गोष्टी ती क्री भाषेत, सगळं अंग वापरून रंगमंचावर उभ्या करते. प्रेक्षक दहाबारा, त्यातले निम्मे प्राध्यापक, काही न कळता माना डोलावणारे.

डॉक्टरांच्या पत्नी नीलाकाकू मराठी मंडळाच्या अध्यक्ष. गणेशोत्सवात यंदा त्यांना काहीतरी 'ऑथेंटिक' हवं होतं.

"तुझी ती विसाकेचाकची गोष्ट कर," त्यांनी डोरीनला सांगितलं. "लबाड आहे, रूपं बदलतो, मुलांना आवडेल. आणि पिसं-बिसं घालून ये."

"ती जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात. कोकुमला तसा शब्द दिलाय मी."

"अगं, थोडं ॲडजस्ट करायचं. आम्ही नाही का गणपती शनिवारी बसवत? हॉल तेव्हाच मिळतो."

"मग देवाला कोण कळवतं?"

अमेरिकेत आल्यापासून काकूंना हे कुणी विचारलं नव्हतं. "तो समजून घेतो," त्या म्हणाल्या.

"आमचा नाही घेत."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पेशंटच्या तोंडात आरसा धरूनच सुचवलं, "करून टाक ना. घरचंच काम आहे." डोरीनची नोकरी नवी होती. नाही म्हणणं जड होतं आणि कोकुमचा शब्द मोडणं त्याहून जड.

शनिवारी ती ऑफिसच्याच कपड्यांत मंचावर आली, खुर्चीवर बसली आणि मोकॅसिनच्या, म्हणजे मऊ चामडी बुटांच्या, जोडावर मणी शिवू लागली. गोष्ट नाही, गाणं नाही. दिलेला वेळ संपेपर्यंत नुसते मणी.

"किती डीप," मंडळातली आसावरी म्हणाली. ती तेवढा वेळ फोनवर होती.

टाळ्या थांबल्यावर डोरीन म्हणाली, "गोष्ट जानेवारीत, माझ्या घरी. कोण येणार?" हॉलभर हात वर झाले.

ठरल्या दिवशी गुडघाभर बर्फ पडला. मंडळाच्या ग्रुपवरचा काकूंचा मेसेज डॉक्टरांनी तिला फॉरवर्ड केला: 'स्नोमुळे डोरीनचा प्रोग्रॅम कॅन्सल केलाय. समरमध्ये करून घेऊ.'

तिने फोन पालथा ठेवला. समोर बहीण आणि शेजारचं म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांचे ओले कोट वाळत टाकून तिने क्रीमध्ये सुरुवात केली.