रिकामी मूठ

सकाळी खिडकीतून पाहिलं, तर फाटकाशी एक गृहस्थ रिकामी मूठ पुढे करून कुत्र्याला बोलावत होते. कुत्रं शेपूट हलवत आलं, मूठ हुंगली आणि गृहस्थ हसले. असली गंमत पोट भरलेल्या माणसालाच सुचते. मलाही सुचली होती, मालवणात.

तिथं मला समुद्राखाली घेऊन गेलेला बाबल एका अजस्र हेकरूला रोज बांगड्याचा तुकडा भरवायचा. माणसाएवढा तो मासा त्या दिवशीही कपारीतून सावकाश आला आणि त्याच्या हातून अलगद घास घेऊन गेला. मला फोटो हवा होता. मग मीही मूठ पुढे केली. तिच्यात काहीच नव्हतं. तो पुन्हा आला आणि तोंड उघडून थांबून राहिला. सोबतच्या कॅमेरावाल्याचं काम झालं, तसा मी हात मागे घेतला.

वर आल्यावर बाबल म्हणाला, "मूठ रिकामी होती मां? आता तो माझ्याकडे पण येवचो नाय."

बाबल रागावला असता तर बरं झालं असतं.

फोटो दिवाणखान्यात आहे. "बापरे, किती जवळ आलाय!" पाहुणे म्हणतात. मुठीत काय होतं ते कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही. फोटोत त्याचं तोंड अजून उघडंच आहे.