ध्रुवावरचा डायनासोर आणि समोरचे गृहस्थ

शारजातल्या अल मजाज भागातल्या आमच्या इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक गृहस्थ राहतात. त्यांचं बोलणं "शक्यच नाही"ने सुरू होतं आणि "खलास"ने संपतं. मला ते फार जवळचे वाटतात, कारण मीही त्यातलीच. वाळवंटात कोथिंबीर मिळणं शक्यच नाही, म्हणून तिशीत इथे येताना मी ती पिशवीभर वाळवून आणली होती. वर्षभरातच नव्या बायकांना शारजाची भाजीमंडई अशी दाखवू लागले, जणू मीच ती वसवली!

इमारतीच्या हॉलमध्ये मुलांचं विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या नातीनं अंटार्क्टिकात सापडलेल्या डायनासोरचं मॉडेल केलं. लिफ्टमध्ये ते पाहून गृहस्थ म्हणाले, "बर्फात डायनासोर? शक्यच नाही. खलास!"

"बट अंकल, देअर आर फॉसिल्स!" तिचे डोळे भरून आले.

प्रदर्शनाच्या दिवशी पाहते तर हे गृहस्थ सूट घालून तिच्याच टेबलाशी उभे! मधल्या काळात बरंच वाचलेलं दिसत होतं. हाडं स्वतः खणून काढल्याच्या थाटात सगळ्यांना समजावत होते. नातीनं तोंड उघडलं की म्हणत, "एक मिनिट, बेटा." तेवढ्यात परीक्षक बाई आल्या.

मी मोठ्यानं विचारलं, "भाऊसाहेब, बर्फात डायनासोर? शक्यच नाही!"

स्वतःचंच वाक्य समोर आल्यावर ते टाय सारखा करू लागले. तेवढ्यात नातीनं सांगून टाकलं, की तेव्हा तिथे बर्फ नव्हता, जंगलं होती, फक्त हिवाळाभर अंधार असायचा. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

गृहस्थ माझ्याकडे वळले. "वहिनी, हेच तर मी मघापासून सांगतोय. खलास!"