निर्मळ पाण्याचा बेत

रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी माणसं समुद्राकडे तोंड करून बसतात. तुम्हीही तिथे कधी गेला असाल तर तसेच बसला असाल. आमच्या शेजारचे काका मात्र समुद्राकडे पाठ करून बसायचे. समोर रस्ता, भेळेच्या गाड्या, उभ्या स्कूटर, एवढंच त्यांना दिसायचं. कुणी म्हटलं, "काका, सूर्य बुडतोय, बघा तरी," की मान न वळवता म्हणायचे, "बुडू दे. घाण आहे नुसती."

ही घाण म्हणजे समुद्र. उभी हयात त्यांनी बोटीवर काढली होती, इंजिनरूममध्ये, यंत्रांना तेलपाणी करणारा ऑइलर म्हणून. अठ्ठ्याण्णव साली ते कायमचे घरी आले आणि शेजारच्या घरात काकू एकट्या राहिल्या नाहीत. कान थोडे गेले होते, नाक मात्र कमालीचं तिखट. वाऱ्यावर सुक्या बोंबलाचा वास आला की खिडक्या धडाधड बंद. काकूंना बांगड्याशिवाय घास उतरायचा नाही. त्या मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून रांधायच्या, आणि हे पुढच्या खोलीत मुगाचं वरण भुरकत म्हणायचे, "कसं खाववतं गो तुला? त्या पाण्यातलं!"

"जन्म गेला तुमचा त्या पाण्यावर. त्याच्याच पगाराची ही मुगाची डाळ!" काकू आतून ऐकवायच्या.

त्यावर काका वरणाची वाटी तोंडाला लावायचे. मूल नव्हतं. घरात दोघंच, आणि दोघांच्या मध्ये हा वास.

अशा माणसाला डोंगराचं वेड लागावं यात नवल नव्हतं. पण साधे डोंगर त्यांना चालत नव्हते. त्यांना हवी होती उंचावरची तळी. कुठल्याशा बंदरात त्यांना हिमालयाचा एक मोठा नकाशा मिळाला होता. तो ते जमिनीवर पसरायचे, कोपऱ्यांवर करवंट्या ठेवायचे आणि गुडघ्यांवर ओणवे होऊन बोट फिरवायचे. बाताल, तिथून चंद्रताल, मग नदीच्या कडेने वर वर जात बारालाचाची खिंड, आणि खिंडीपलीकडे सूरजताल. "समुद्रापासून इतकं लांब आणि इतकं वर," ते म्हणायचे, "तिथे कोणाची बोट जात नाही. पाणी असं असणार, वाटीत घेतलंस तर वाटी रिकामी वाटेल."

मी तेव्हा तिशीचा, कोर्टात कारकून. संध्याकाळी त्या नकाशाभोवती बसणं मला आवडायचं. तिसरे होते आमच्या आळीतले एक बागायतदार. धिप्पाड, हसरे, खाण्यावर जीव. त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंना डोंगर बघायचा होता, पण उपाशीपोटी नाही. बेत ठरवताना ते एकेक सुचवायचे आणि काकांच्या नाकपुड्या फुलायच्या.

"आमरसाचे डबे घेऊ चार."

"कशाला? रिकामे डबे कोण आणणार खाली?"

"तूप? फणसाचे पापड? तळायला थोडं तेल?"

"भाऊ, तुम्ही डोंगरावर जाताय की मुंजीला?"

काकांच्या बेतात सर्वांत जास्त विचार परसाकडचा होता. ओढ्यापासून किती लांब बसायचं, खुरप्याने खड्डा किती खोल खणायचा, वर माती कशी लोटायची. हे सगळं त्यांनी भाऊंच्या घरी, ऐन जेवणाच्या पंगतीत, वरणभात कालवत समजावून सांगितलं होतं. भाऊंच्या सुनेने ताट तसंच ठेवून आत धाव घेतली. "यात घाण वाटण्यासारखं काय आहे?" काका खरोखरच गोंधळून म्हणाले. "मातीत गेलं की मातीच होते. पाण्यात गेलं की मग बघा."

सराव म्हणून आम्ही किल्ल्यावर दीपगृहापर्यंत चढायचो. दर रविवारी देवरूखला जाऊन त्या बाजूचे डोंगर पालथे घालायचो. काका पुढे, मी मध्ये, भाऊ मागे शेंगदाणे खात. काकू हसायच्या. "ह्यांना एकदाचं ते तळं दाखवून आणा रे. मग तरी घरात सुखाने मासे खाऊ देतील."

दोन वर्षांच्या खलानंतर एका ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. रेल्वेच्या डब्यातल्या मोरीपासून मनालीच्या हॉटेलातल्या उशांपर्यंत सगळ्याला "घाण आहे नुसती" म्हणून झालं. बातालच्या दगडी ढाब्यातल्या पेल्यालाही तेच ऐकावं लागलं. तिथे घोडेवाला मिळाला आणि आम्ही चालू लागलो. त्या उजाड, करड्या मुलखात काकांचा आवाज हळूहळू बंद होत गेला.

चंद्रताल अचानक समोर येतं. एक उंचवटा ओलांडला आणि खाली ते होतं. निळं म्हणावं तर हिरवं, आणि काठाशी इतकं स्वच्छ की तळाचा खडा न् खडा दिसावा. भाऊ ओरडले, मीही काहीतरी बोललो. काका उभेच राहिले. मग पाण्यापासून बरेच अलीकडे थांबून खाली बसले. मी म्हटलं, "काका, हात तरी लावा." ते म्हणाले, "नको. असू दे." दुपारभर ते तिथेच बसून होते, पाण्याकडे तोंड करून. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आजारातून उठलेल्या माणसाचा असतो तसा, धुतलेला.

संध्याकाळ व्हायच्या आधी भाऊंनी स्टोव्ह पेटवून पापड तळले. शेवटी तेल आणलंच होतं त्यांनी, काकांच्या नकळत. पापड खाऊन झाले, आणि कढईतलं उरलेलं तेल घेऊन भाऊ काठावर गेले. मला वाटलं, कढई धुवायला पाणी आणायला चाललेत. त्यांनी ती सरळ तळ्यात उलटी केली आणि वाळू घेऊन तिथेच घासू लागले. गाणं गुणगुणत होते.

तेल पाण्यावर पसरलं. तुम्ही पेट्रोल पंपावरच्या डबक्यात पाहिले असतील ते रंग, जांभळा, पिवळा, मोरपंखी. एवढंसं तेल, पण बघता बघता अंगणाएवढं झालं.

काका उठले. काही न बोलता त्यांनी जेवणाची थाळी उचलली आणि बुटांसकट पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. वाकून थाळीने तो तवंग ओढायचे, काठावर येऊन मातीत ओतायचे, पुन्हा आत. वाऱ्याने तवंग फाटायचा आणि त्याचे तुकडे लांब जायचे. ते तुकड्यांमागे जायचे. ते पाणी बर्फाचं होतं. घोडेवाला ओरडत होता. भाऊ काठावरून म्हणाले, "अहो काका, केवढंसं तेल ते! एवढ्या मोठ्या तळ्यात कळायचंसुद्धा नाही."

काका वळले. ओठ निळे पडले होते. "हेच," ते म्हणाले, "अगदी हेच सांगायचे बोटीवर आम्हाला."

मी आत शिरून त्यांना धरलं. ते थरथरत होते आणि बोलत होते, भाऊंशी नव्हे, माझ्याशीही नव्हे. "इंजिनाखाली तेलाचं काळं पाणी साचायचं. बंदरात सोडायला मनाई. म्हणून भर समुद्रात, अंधार पडला की वरून सांगावा यायचा, सोडा. व्हॉल्व्ह मी उघडायचो. ह्याच हातांनी. सकाळी मागे बघितलं तर पट्टा, नजर जाईल तिथपर्यंत. आणि मग मी जेवायला बसायचो. जेवण जायचं रे मला! कधी अडलं नाही."

मग ते काठावर ओकले. ओकतानाही सरपटत पाण्यापासून दूर गेले.

दुसऱ्या दिवशी खिंडीच्या दिशेने निघायचं होतं. काकांच्या छातीत कफ भरला होता, श्वासाला घरघर होती. घोडेवाल्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि घोड्याचं तोंड खालच्या वाटेला वळवलं. बारालाचा राहिली, सूरजताल राहिलं. घोड्यावर आवळून बांधलेले काका मागे वळून बघत नव्हते.

रत्नागिरीला आल्यावर भाऊंनी ही गोष्ट गावभर सांगितली. काका तळ्यात थाळी घेऊन कसे धावले याची नक्कल ते फार छान करायचे. लग्नाच्या मांडवात, तालुक्याच्या बाजारात, माणसं पोट धरून हसायची. मला भाऊंचा तिटकारा आला, तो आजवर गेलेला नाही. त्यांच्या बागेतला आंबा घरी आला की मी उठून जातो. कारण त्यांनी व्हॉल्व्हची गोष्ट कधीच सांगितली नाही. फक्त थाळीची सांगितली.

काका बरे झाले, पण छाती तशी धरलेलीच राहिली. मी एकदा म्हटलं, "पुन्हा जाऊ या. आपण दोघंच. तेल न नेता." ते नकाशाची घडी घालत होते. म्हणाले, "नको. आपण गेलो नसतो तर ते तळं तसंच राहिलं असतं. मीच बेत केला ना?" घडी नीट बसेना. दोनतीनदा उलगडून त्यांनी ती पुन्हा घातली.

त्यानंतर काही वर्षांनी, एका पावसाळ्याच्या अखेरीस ते गेले. अस्थी घरी आणल्या तेव्हा काकांचे सख्खे धाकटे भाऊ रीतीप्रमाणे समुद्रावर जायला निघाले. काकूंनी कलश हातातून सोडला नाही.

"त्या पाण्यात नाही," त्या म्हणाल्या.

"बरं वहिनी, मग त्यांच्या त्या आवडत्या तळ्यात? मी जातो घेऊन. खर्चाचं बघू."

"तिथे तर नाहीच नाही. काय बोलता भावोजी!" काकू इतक्या चिडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "माणूस त्यापायी खंगला, आणि त्याचीच राख नेऊन टाकता त्यात?"

भटजी काहीतरी शास्त्राचं बोलू लागले. काकूंनी ऐकलं नाही. मला म्हणाल्या, "पहार आण."

परसात खाली सगळा कातळ. पहार मारली की खणकन आवाज यायचा आणि लाल भुगा उडायचा. हातभर खड्डा व्हायला सकाळ गेली. धाकटे भाऊ तोंड फिरवून पडवीत बसले होते. काकूंनी कलश रिता केला, हातानेच माती लोटली, पायाने नाही, तळव्याने दाबून दाबून सारखी केली. राखेने हात पांढरे झाले होते. मी तांब्या आणला. त्यांनी खड्ड्यावरच हात धुतले आणि ते पाणी कातळात जिरेपर्यंत वाकून बघत राहिल्या.