खूण खरी की कान खरा

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जुन्या गाड्यांचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तो नुसतं इंजिनाच्या आवाजावर लावायचा, म्हणून हे नाव चिकटलं. बायकोला मात्र ते ऐकलं की हसू यायचं. "दाराची बेल वाजून वाजून थकते, आणि हे म्हणे कानसेन!"

हल्ली तिचं हे बोलणं त्याला खरं वाटू लागलं होतं. पण कबूल कोण करणार?

त्या सकाळी मेहुणा रोपवाटिकेची जुनी व्हॅन धक्के खात घेऊन आला. "भावोजी, चढावर नुसती खोकते हो."

कानसेननं डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी वाटून देणारा तो डबा. त्याचा दांडा म्हाताऱ्याच्या दातासारखा हलत होता. बदलण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आतला फिरता रोटर कुठे तोंड करून आहे ते त्यानं इंजिनावर खडूनं आखलं, जुना डबा उपसला आणि नवा आणायला घरात गेला.

परत येऊन बघतो तर इंजिन लख्ख!

"मी म्हटलं, तेवढंच पुसून घेऊ," मेहुणा कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाला. "आणि स्टार्टरही मारून पाहिला. बॅटरी एकदम ठणठणीत आहे."

खूण गेली, वर इंजिनही फिरलं. कानसेननं कपाळाला हात लावला. आता पहिल्या सिलिंडरपासून सुरुवात. प्लग काढून त्यानं बायकोला बोलावलं, भोकावर अंगठा धरायला सांगितलं आणि पान्यानं इंजिन हळूहळू फिरवू लागला.

"ढकलतंय हं, ढकलतंय!" ती ओरडली.

म्हणजे सिलिंडरमधला दट्ट्या दाब घेऊन वर येत होता. तो वर टेकला की इंजिनाच्या पुढच्या पुलीवरची रेघ तिथल्या पक्क्या काट्यासमोर यायला हवी. ती आली, पण अंगठ्यावरचा जोर संपून बराच वेळ झाल्यावर. कानसेन चक्रावला. कारखान्यानंच आखलेली रेघ कशी चुकेल? त्यानं रेघेवर भरवसा ठेवून नवा डबा बसवला आणि स्टार्टर मारला. कार्ब्युरेटरमधून असा बार उडाला, की मेहुणा कुंपणापाशी जाऊन थांबला.

मग त्यानं रेघेकडे काणाडोळा केला, अंगठ्याच्या अंदाजानं डबा पुन्हा बसवला आणि कान लावून तो किंचित किंचित फिरवत गेला. इंजिन गुरगुरलं, सावरलं, एका लयीत चालू लागलं. आता छान! खात्रीसाठी त्यानं दर ठिणगीला लुकलुकणारा टायमिंगचा दिवा पुलीवर धरला. रेघ काट्याच्या आसपासही नव्हती.

दिव्याप्रमाणे लावावं, तर इंजिन आचके देई. कानाप्रमाणे लावावं, तर दिवा खोटं पाडी. दोन-तीनदा त्यानं तेच केलं. शेवटी तो मडगार्डवर बसला. आतापर्यंत कानावर लावलेल्या सगळ्या गाड्या त्याला आठवू लागल्या. त्यांतल्या किती चुकीच्या चालत असतील?

"अहो, काय झालं?"

"मला चांगलं ऐकू येतंय ते खरंच चांगलं आहे की नाही, तेच कळेना झालंय."

अशा कबुलीची तिला सवय नव्हती. चेष्टा ओठांवर आलेली तिनं गिळली. "मग ऐकू नका, बघा. दट्ट्या वर आलेला दिसत नाही का कशानं?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तुझी विणायची सुई आण. लांबवाली."

सुई प्लगच्या भोकात उभी राहिली. बायको दोन बोटांनी ती सांभाळत होती, तो इंजिन फिरवत होता. "वर येतेय... येतेय... थांबली!"

त्यानं वाकून पाहिलं. दट्ट्या अगदी वर होता आणि रेघ भलतीकडेच. त्यानं पुलीची बाहेरची कडी बोटांनी दाबली. आतलं रबर भुसभुशीत झालेलं. कडी रेघेसकट सरकलेली. रेघ खोटी होती!

त्यानं पुलीवर आता काट्यासमोर आलेल्या जागी पांढरा ठिपका दिला आणि इंजिन पुन्हा कानावर लावलं. या वेळी दिव्यात ठिपका जिथे हवा तिथेच दिसला. "पुली बदलावी लागेल रे, पण तोवर चालेल," तो मेहुण्याला म्हणाला.

तिघं चढावर फेरी मारायला निघाले, मेहुणा चालवत होता. व्हॅन न ठोकता, न खोकता चढली. मेहुणा खूश होता. कानसेनला मात्र आनंद मानावा की अजून धास्ती बाळगावी, हे समजत नव्हतं. सहज त्याचं लक्ष आरशात गेलं. मागे बसलेल्या बायकोचे ओठ हलत होते. कधीपासून, कोण जाणे.

तो वळला. "काय म्हणालीस?"

"तिसऱ्यांदा सांगतेय, तुमचा कान बरोबर होता! हरले मी."

"हरली नाहीस," तो म्हणाला. "मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन चल."

आता ती गोंधळली. मेहुण्याला तर कशाचाच पत्ता लागला नाही. त्यानं गिअर बदलला.