मुशीच्या तेलाचा वास

बोलता बोलता स्वतःची बोटं नाकाशी न्यायची आणि तोंड वाकडं करायचं, ही आमच्या ढोरांच्या डॉक्टरांची खोड. वास मुशी माशाच्या तेलाचा. रेवदंड्याचे कोळी होडीच्या लाकडाला चोपडतात, तेच तेल. डॉक्टर त्यात मेण कढवून बैलांच्या जखमांसाठी मलम करत. पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला माणसं कुरकुरत. साबणाने काय होतंय!

मी त्यांचा कंपाउंडर. जोखडाने सोललेले बैलांचे खांदे तुम्हीही पाहिले असतील. जखम भरेपर्यंत गाडी बंद ठेवायची, नाहीतर त्याच खांद्यावर पुन्हा जोखड चढवायचं. बहुतेक जण चढवतच. या मलमाने जखम लवकर भरते आणि सरकारने ते गावोगाव द्यावं, हा डॉक्टरांचा ध्यास. मला तर ते केव्हाच पटलं होतं.

"तुला पटून काय उपयोग?" ते म्हणत. "दिसलं पाहिजे."

दिसावं म्हणून त्यांनी खांदे सोललेल्या जोड्या निवडल्या. डाव्या बैलाला मलम, उजव्याला नुसतं मिठाचं पाणी. मलमाची डबी देताना प्रत्येक गाडीवाल्याला बजावलं, "फक्त डाव्याला हं!" राघो गाडीवान सगळ्यांत आधी तयार झाला.

पुढे मुंबईहून वरिष्ठ साहेब पाहायला आले. राघोची जोडी समोर उभी केली. दोन्ही खांदे भरलेले, अगदी सारखे.

साहेब हसले. "डॉक्टर, तुमच्या तेलाइतकंच मिठाचं पाणीही गुणकारी दिसतंय!"

डॉक्टरांनी उजव्या बैलाच्या खांद्यावरून बोटं फिरवली आणि नाकाशी नेली. मग राघोकडे पाहिलं.

"व्हय दाक्तर, त्यालाबी लावलं," राघो खुशीत म्हणाला. "जोडीतल्या एकाला घास देऊन दुसऱ्याला तोंडाकडं बघत ठेवत न्हाय आम्ही. मंग औषधाला तसं कसं करायचं?"

बाकीच्या गाडीवाल्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी तेच केलं होतं.

म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही, असं साहेब म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून मला जास्त चीड आली. मी राघोवर तोंड टाकणार, तोच डॉक्टरांनी माझा हात दाबला.

"ओरडू नकोस. बैल बरे झालेत ना?"

संध्याकाळी मात्र दवाखान्याच्या पायरीवर बसून ते रडले. पुन्हा एकदा करून दाखवतो, अशी विनंती त्यांनी केली. उत्तरादाखल बदली आली, तीही देशावर. तिथे मुशी कुठली? तिकडेच तापाने गेले. त्यांच्या मलमाची कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

काही वर्षांनी आमच्याकडे विलायती मलमाचे चकचकीत डबे आले. माशाच्या तेलाचं मलम! साहेबांनीच मोठ्या कौतुकाने पाठवलेलं. मी पहिला डबा उघडला तेव्हा राघो बैल घेऊन दारात उभा होता. वास त्याच्यापर्यंत पोचला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"आपलं दाक्तर परत आलं व्हय?" म्हणत तो माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीत डोकावू लागला.